चाकावरची लाल रेघ

भांडण झालं ते दुपारी साडेबाराला, आणि मीराबाईने ते जेवणाचा डबा हातात धरून, गॅरेजच्या पत्र्याआड उभं राहून, शेवटपर्यंत ऐकलं. आपल्याला ऐकायचं नव्हतं, असं तिने पुढे कित्येकांना सांगितलं. पण डबा गरम होता, नवरा आत ओरडत होता, आणि लग्नाला तीस वर्षं होऊनही ओरडणारा नवरा तिने कधी पाहिला नव्हता. बाळकृष्ण ओरडणाऱ्यातला नव्हेच. कुडाळकडच्या गावातून तो ओमानला आला तो पान्यांची एक पेटी घेऊन, आणि तेव्हापासून त्याचा आवाज त्या पेटीच्या झाकणाएवढाच. उघडताना एकदा, मिटताना एकदा.

समोरून ओरडत होता अहमद, गॅरेजचा मालक. सगळे त्याला अर्बाब म्हणत. त्याने आपल्या आठ वर्षांच्या लेकीला, तस्नीमला, शर्यतीचं छोटं कार्ट आणलं होतं. चार चाकं, एक सीट, मागे पंपाएवढं इंजिन. दार नाही, छप्पर नाही. मुलीला ते हवं होतं, बापाला मुलीपेक्षा जास्त हवं होतं.

"खिलौना है बाला, खिलौना!"

"खिलौना नहीं अर्बाब. जमीन से चार बोट ऊपर है. इसमें बच्ची को बिठाओगे? मैं हात नहीं लगाएगा."

"तू नहीं लगाएगा तो दूसरा लगाएगा!"

 मीराबाईला वाटलं, गेली नोकरी. तिने मनातल्या मनात भांडीसुद्धा बांधली. पण बाळकृष्णाचा आवाज आला तो अगदी हळू, रोजचाच.

"दूसरा नहीं. बच्ची बैठेगी तो चाक मैं कसेगा. मेरे सिवा कोई नहीं. मंजूर है तो बोलो."

"मंजूर!" अहमद म्हणाला. "खलास! इतनी बात के लिए इतना चिल्लाया?"

मीराबाईने डबा टेबलावर ठेवला आणि पदराने घाम पुसत म्हणाली, "भांडूक गेलास आनि काम घेवन इलास. वा!"

"जेवूक वाढ," बाळकृष्ण म्हणाला. पेटी मिटली.

दिलेला शब्द तो असा पाळू लागला की बघणाऱ्याला हसू यावं. कार्टच्या एकेका चाकाला तीन तीन नट. तो ते कसायचा, मग पुन्हा कसून बघायचा, मग हाताने चाक हलवून कान लावायचा, जसा आपण नारळ हलवून बघतो. पण तस्नीम चार फेऱ्या मारून आली की त्याला पुन्हा शंका. नट सुटत तर नसतील? बघून कसं कळणार? नट दिसतो तसाच दिसतो.

तोड निघाली ती घरातूनच. अल खौदला त्यांचं बिऱ्हाड होतं, एका शिंप्याच्या दुकानावर. मुलगा कौशिक दुक्मला रिफायनरीत, पंधरा दिवसांनी घरी. सून आणि पाच वर्षांची नात पूर्वा यांच्याजवळ. एका शुक्रवारी पूर्वा रडत आली. इंग्रजी शाळेतली पोर, तिचं मराठी म्हणजे पायात मोठ्यांची चप्पल घातल्यासारखं.

"आजी, आजोबाने माझा नेलपॉलिश घेतला! आणि तो चाकाला लावला!"

खरंच लावला होता. नट कसला की त्याच्या डोक्यावरून खाली चाकापर्यंत लाल नेलपॉलिशची एक बारीक रेघ. नट तसूभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसायची. रेघ सरळ, तर नट जागेवर.

"ही अक्कल खंयसून इली?" मीराबाईने विचारलं.

"तुज्या कुंकवावरसून," तो म्हणाला. "विस्कटला काय लांबसून कळता."

तीस वर्षांत त्याने तिच्या कुंकवाबद्दल काढलेला तो पहिला उद्गार. तिने तो जपून ठेवला, आणि नातीला नवी बाटली घेऊन दिली.

तेव्हापासून दर शर्यतीच्या आधी तो खालच्या बाजारातल्या माहनूरच्या दुकानात जाऊन एक लाल बाटली आणायचा. माहनूर कराचीची. बांगड्या, पिना, मेंदी असलं सगळं विकायची. पहिल्यांदा तिला वाटलं, बायकोसाठी. दुसऱ्यांदा वाटलं, बायकोची हौस दांडगी. तिसऱ्या खेपेला तिने विचारलंच, "अंकल, ये कौन लगाता है?"

"चाक," बाळकृष्ण म्हणाला.

त्यानंतर तो आत आला की तिथल्या गिऱ्हाइक बायकांना ती ओळख करून द्यायची, "ये हमारे अंकल, इनके चाक बहुत फॅशन करते हैं."

आणि टीम चढत गेली. टीम म्हणायची तरी कसली? अहमद, बाळकृष्ण, सुट्टीला आला की लॅपटॉप मांडीवर घेऊन बसणारा कौशिक, आणि मीराबाईचा डबा. दुसऱ्या टीमना रंगीत मांडव, कॉफीचं यंत्र. यांना अहमदचा वाळवंटात वापरायचा जुना तंबू आणि बर्फाच्या पेटीत कोकम सरबत. पहिल्या वर्षी तस्नीम शेवटून दुसरी आली. शेवटचा तो पोरगा वाटेत थांबून रडला होता, म्हणून. पुढच्या वर्षी तिसरी. मग लहानांच्या गटातून मोठ्यांच्या, मग सीमेपलीकडच्या मोठ्या ट्रॅकवर, तिथल्या दहा देशांच्या पोरांत. मुलगी जिंकली की आधी तंबूकडे यायची, घटाघटा सरबत प्यायची आणि मीराबाईला मावशी मानून म्हणायची, "खाला, नमक कम है." हरली तरी तेच म्हणायची. मीठ काही कमी नसायचं.

तस्नीम सोळाची झाली तेव्हा अहमदने खरी गाडी आणली. फॉर्म्युला फोर. लांबोडकी, माशासारखी, आधी दोघांनी वापरलेली. हिच्या चाकाला तीन नट नाहीत, मधोमध एकच मोठा. आणि तो कसायचा हाताच्या अंदाजाने नाही, टॉर्कच्या पान्याने. हातभर लांब पाना. त्यावर आकडा लावायचा आणि कसत जायचं. हवा तेवढा जोर लागला की पाना आतून 'टक' म्हणतो. टक म्हटलं की थांबायचं.

तो पाना बाळकृष्णाने स्वतःच्या पगारातून घेतला. काम झालं की त्याचा आकडा उलटा फिरवून शून्यावर आणायचा आणि मगच डबीत ठेवायचा.

"तेका असो ढिलो कित्याक करतास?" एकदा मीराबाईने विचारलं.

"आत स्प्रिंग आसा. ताणान ठेवली तर दमता. दमलेली स्प्रिंग खोटा बोलता. नट कसलो नसलो तरी टक म्हणता."

"म्हंजे माणसासारखाच," ती म्हणाली.

आता ज्याने सगळं बिघडलं ते सांगायला हवं.

गाडीची पहिली चाचणी सीमेपलीकडच्या ट्रॅकवर ठरली. शर्यत नाही, नुसत्या फेऱ्या. तो दिवस नेमका खंडेनवमीचा. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारं धुऊनपुसून पूजेला मांडतात. वर्षभर राबलेल्या हत्याराला एक दिवस विसावा. दसऱ्याला सोनं वाटलं की मग उचलायचं. मीराबाईने सत्तावीस वर्षं परदेशात राहून हे चुकवलं नव्हतं. मवालेहच्या बाजारातून आदल्या दिवशी झेंडू आणला. आपट्याची पानं गावाहून कुणाच्या तरी बॅगेतून सुकून आली होती. पहाटे उठून तिने पाट मांडला, पेटीतले पाने ओळीने ठेवले, मधे तो मोठा टॉर्कचा पाना, त्यावर हळदकुंकू. आणि शेजारी, बाकी सगळी हत्यारं बसली तर हिने काय पाप केलंय म्हणून, नेलपॉलिशची लाल बाटली.

बाळकृष्ण आंघोळ करून आला आणि पाटासमोर थांबला.

"माका पानो होयो."

"पूजेतलो पानो उचलूचो नाय. आजच्या दिवस दुसरो घेवा. ट्रॅकावर पाने काय कमी आसत?"

 बायकोचा हट्ट मोडता आला असता, पण खंडेनवमी त्यालाही होतीच. बापाचा कोयता याच दिवशी पाटावर बसलेला त्याने लहानपणी पाहिला होता. हात जोडून तो निघाला. मोकळ्या हाताने.

ट्रॅकवर शेजारच्या टीमच्या माणसाने आपला पाना आनंदाने दिला. महिनोन् महिने ताणलेलाच पडून असणारा पाना. बाळकृष्णाने आकडा लावला, कसलं, पाना म्हणाला टक. चारही चाकांना टक. रेघ ओढायला बाटली नव्हती. चौथ्या फेरीला पुढचं उजवं चाक डगमगलं, वळणावर गाडी सरळ गेली आणि टायरांच्या भिंतीवर आदळली. स्टिअरिंगचा झटका बसून तस्नीमचं उजवं मनगट मोडलं. एवढंच. "एवढंच" म्हणायला सगळ्यांना हॉस्पिटलात बसून रात्र घालवावी लागली.

अहमद ओरडला नाही. उलट बाळकृष्णाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "हात ही टूटा है बाला. अल्हम्दुलिल्लाह." ओरडला असता तर बरं झालं असतं.

बाळकृष्णाने तो परका पाना मागून आणला. गॅरेजमध्ये शिकंज्यात धरून त्याला तांदळाची गोणी टांगली आणि जोर मोजला. जिथे टक म्हणायला हवं त्याच्या कितीतरी आधीच तो म्हणत होता. खोटं बोलत होता. चूक पान्याची, हे सिद्ध झालं. कौशिक म्हणाला, "बाबा, बघा, तुमचा दोष नाही." बाळकृष्णाने गोणी उतरवली आणि म्हणाला, "शब्द पान्यान दिल्लो नाय."

घरी त्याने आपला पाना डबीत ठेवला, हळदकुंकू न पुसता, आणि डबी कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात सारली. गिऱ्हाइकांच्या गाड्यांचं तेल बदलायला तो जात राहिला, पण शर्यतीच्या गाडीवरची ताडपत्री त्याने काढली नाही. माहनूरने दोनदा विचारलं, "अंकल के चाक रूठ गए क्या?" तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही.

मीराबाईला झोप लागेना. पाट तिने मांडला होता. पाना उचलू नका ती म्हणाली होती. हे नवऱ्याने एकदाही बोलून दाखवलं नाही, आणि न बोललेला शब्द ताटात पडलेल्या खड्यासारखा, दर घासाला दातांखाली. एकदा तिनेच काढलं.

"माजी चूक. मी आडयलंय."

"तू आडयलं. मी ऱ्हवलंय," तो म्हणाला. "नट माज्या हातात होतो."

 अहमदने जानेवारीच्या शर्यतींसाठी बाहेरून एक मेकॅनिक बघायला घेतला. बाळकृष्ण ते ऐकून मान हलवत म्हणाला, चांगलं झालं. मीराबाईला ठाऊक होतं, हा नवा माणूस आला की आपला माणूस आतून मिटणार. आणि या खेपेला झाकण उघडायचं नाही.

एका शुक्रवारी सकाळी दारावर थाप पडली. तस्नीम. काळा अबाया, पायात शर्यतीचे बूट, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरात. बाप खाली गाडीत बसून राहिला होता.

बाळकृष्ण आतल्या खोलीत गेला आणि कपाट आवरायला लागला. त्या कपाटात आवरण्यासारखं काही नव्हतं.

"खाला, भूख लगी है," तस्नीम स्वयंपाकघरात येऊन बसली. तव्यावर घावणे होते. मीराबाईने ताटलीत घावणा ठेवला, वर नारळाची चटणी. मुलगी ताटलीकडे बघत राहिली. उजवा हात जड, प्लास्टरातला. डाव्याने जेवायचं नाही, हे तिच्याकडेही आणि आपल्याकडेही. घरी आई भरवत असणार, इथे कसं सांगायचं?

 मीराबाई समोर बसली, घावण्याचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला आणि तिच्या तोंडापाशी नेला. शर्यतीत दीडशेच्या वेगाने जाणाऱ्या मुलीने पाखरासारखं तोंड उघडलं.

"नमक कम है," तोंड भरलेलं असताना ती म्हणाली.

"गप खा," मीराबाई म्हणाली, सरळ मालवणीत. तस्नीमला ते बरोबर कळलं.

तिसऱ्या घासाला तस्नीम मोठ्याने बोलू लागली, आतल्या खोलीत जावं असं. "खाला, अंकल को बोलो, अगले महीने प्लास्टर खुलेगा. उस दिन मैं गाड़ी में बैठूंगी. चाक वो कसेंगे."

आतून आवाज आला, "अर्बाब दूसरा आदमी लाया है. अच्छा आदमी है."

"दूसरा नहीं."

आत कपाटाचा आवाज थांबला.

"बाबा ने मुझे वो झगड़ा सौ बार सुनाया है," तस्नीम म्हणाली. "बच्ची बैठेगी तो चाक मैं कसेगा, मेरे सिवा कोई नहीं. मैं तब आठ साल की थी, मगर बच्ची मैं ही थी ना? फिर मुझसे भी पूछो. मुझे दूसरा मंजूर नहीं."

बाळकृष्ण दारात आला. मुलीकडे नाही, प्लास्टरकडे बघत. "मैंने गिराया तुमको."

"तो उठाओ भी तुम," ती म्हणाली. "नहीं तो गाड़ी बेच देंगे. बाबा से बोल दिया है. ऑफिस में बैठूंगी, एसी में, मोटी हो जाऊंगी. खाला के घावणे खाकर."

मीराबाईला हसू आलं आणि डोळेही भरले. दोन्ही एकदम आलं की तोंड कसं होतं ते म्हातारपणी बघण्यासारखं नसतं. ती तव्याकडे वळली. पाठीमागे कपाट उघडल्याचा आवाज आला. मग डबीचा. बाळकृष्ण स्वयंपाकघरात आला, हातात पाना, त्यावर महिन्यापूर्वीचं सुकलेलं हळदकुंकू. त्याने धोतराचा जुना तुकडा घेतला, ओला केला, आणि मोरीपाशी बसून पाना सावकाश पुसू लागला.

"असो काय बघतं?" तो बायकोला म्हणाला. "चेडवाक आजून एक घावणो घाल."

प्लास्टर निघालं, हात बरा झाला, पहिली शर्यत आली. आदल्या दिवशी त्याने माहनूरकडून बाटली आणली. तिने दोन दिल्या. "एक मेरी तरफ से." सकाळी त्याने चारही चाकं आपल्या पान्याने कसली, चार वेळा टक, चार लाल रेघा. तस्नीम गाडीत बसण्याआधी खाली वाकली आणि पुढच्या उजव्या चाकाची रेघ बोटाने चाचपून बघितली. नेलपॉलिश अजून ओलं होतं. तिच्या हातमोज्याला लाल ठिपका लागला.

शर्यत संपली तेव्हा मीराबाईला कळेना कोण कितवं आलं. सगळ्या गाड्या म्हणजे तिला एकसारखे मासेच. कौशिक ओरडत होता, "सहावी! आई, सहावी आली, पंचवीसमध्ये!" अहमद रडत होता. बाळकृष्ण कुणाजवळ नव्हता. तो गाडीपाशी उकिडवा बसला होता, चष्मा कपाळावर सारून, एका चाकाकडून दुसऱ्याकडे सरकत. चौथं चाक बघून झालं तेव्हा त्याने वर पाहिलं.

"सरळ आसा," तो म्हणाला.

कितवी आली ते त्याने संध्याकाळी विचारलं.

त्या मोसमात ती एकदा तिसरी आली, पुढल्या मोसमात दोनदा पहिली. मग वरच्या फॉर्म्युल्यातल्या एका परदेशी टीमने तिला बोलावलं. तिथे चाकं यंत्राने कसतात, डोळ्याचं पातं लवेपर्यंत चार. अहमदच्या तंबूत आता लहान मुलामुलींची कार्ट उभी राहू लागली. तस्नीम एकोणीसची झाली आणि बाळकृष्णाचे गुडघे त्रेसष्टचे. उकिडवं बसलं की उठताना अहमद हात द्यायचा. या वर्षी व्हिसा पुन्हा काढायचा नाही असं ठरलं. गावचं घर रंगवून झालं होतं, मीराबाईने तिथल्या मोरीची जागासुद्धा फोनवरून ठरवली होती.

विमान रात्रीचं होतं. सकाळी बॅगा दारात उभ्या, पूर्वा त्यांवर बसून वजन करतेय. ती आता सोळाची, मराठी अजून मोठ्यांच्या चपलेतलंच. आणि बाळकृष्ण पायात चप्पल घालतोय.

"खंय चललास?" मीराबाई म्हणाली.

"येतंय हयसून."

भाताखालचा गॅस बारीक करून तीही निघाली. आज त्याला एकट्याला सोडावंसं वाटेना. तो बाजारात माहनूरच्या दुकानात शिरला. माहनूरने त्याला बघितलं आणि हात मागच्या फळीकडे नेला.

"वही?"

"वही."

"अंकल, इतने साल हो गए. आज तो एक उंगली पर लगाकर दिखाओ."

बाळकृष्णाने बाटली कानापाशी धरून हलवली. आतली बारीक गोळी खुळखुळली. त्याने मान हलवली, पैसे ठेवले, बाटली शर्टाच्या खिशात टाकली. माहनूर मीराबाईकडे बघून म्हणाली, "आंटी, इनको संभालकर ले जाना." 

गॅरेजमध्ये एक कार्ट उभं होतं, उद्या पहिल्यांदा बसणाऱ्या सात वर्षांच्या मुलीचं. बाळकृष्ण गुडघा धरत खाली बसला. नट कसले, चाक हलवून कान लावला. मग बाटली उघडून नटाच्या डोक्यावरून खाली रेघ ओढली, पहिल्या चाकाला, दुसऱ्याला.  चौथ्या चाकाची रेघ जरा वाकडी झाली. त्याने ती धोतराच्या तुकड्याने पुसली आणि पुन्हा ओढली, सरळ.

मग पेटीतून त्याने टॉर्कचा मोठा पाना काढला. पेटी इथेच राहायची होती. आकडा बघितला. कुणीतरी वापरून तसाच ताणलेला ठेवला होता. त्याने तो उलटा फिरवत फिरवत शून्यावर आणला, डबीत ठेवला, बाटली शेजारी ठेवली आणि झाकण मिटलं.

"चल," तो म्हणाला. "भात करपात."